तिकीट मिळाले, पुढचा रस्ता नाही : दौंड स्टेशन आणि आपला इतिहास



मी कारेगावला राहते. रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेले शिरूर तालुक्यातले हे गाव. शिरूरला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची म्हटले की न्हावरा-चौफुला रस्त्याने केडगाव गाठायचे, नाहीतर थेट दौंड. कामानिमित्त माझे दौंडला सारखे जाणे असते. पहाटेच्या पुण्याच्या गाडीला फलाटावर कोण उभे असते ते रोज बघावे. कॉलेजची आणि स्पर्धा परीक्षेची पोरे, हाऊसकीपिंगच्या बाया, सिक्युरिटीची वर्दी पिशवीत घातलेले बाप्ये, भाजीच्या पाट्या. मार्च २०१७ मध्ये पुणे-दौंड डेमू सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षे लोक लोकल मागत होते. केडगाव, पाटस, यवत, उरुळी, लोणी या स्टेशनांवरून गाडी भरत जाते आणि हडपसर येईपर्यंत कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे हे कळत नाही.

हीच गर्दी दाखवून आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, "ताई, जात मोडली ती रेल्वेनेच ना? डब्यात कोण विचारतो?" प्रश्न भाबडा नाही. शाळेच्या पुस्तकांपासून मोठ्या विचारवंतांपर्यंत अनेकांनी हे सांगितले आहे. सवर्ण इतिहासकार सांगतात की रेल्वेने सोवळे-ओवळे संपवले. आपल्यातलेही काही जण इंग्रजांचे उपकार मोजताना शाळा, फौज आणि रेल्वे अशी यादी करतात. खुद्द कार्ल मार्क्सने १८५३ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली त्याच वर्षी, लिहून ठेवले की रेल्वेतून येणारे आधुनिक उद्योग भारतातल्या वंशपरंपरागत श्रमविभागणीचा पाया मोडतील आणि त्या पायावर तर जात उभी आहे.

त्या मुलाला मी तेव्हा अर्धवट उत्तर दिले. हा लेख म्हणजे राहिलेले उत्तर.

आधी दौंड. इंग्रज त्याला 'धोंड' म्हणत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८५८ मध्ये पुण्याच्या पुढे भीमेच्या काठाने दिकसालपर्यंत आली आणि दौंड नकाशावर आले. शिरूर मागे राहिले. एकेकाळी शिरूर ही इंग्रजांची महत्त्वाची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री भीमा कोरेगावकडे निघालेली तुकडी याच शिरूरमधून निघाली होती. चाळीस वर्षांनी रेल्वे आली ती दक्षिणेकडून गेली, आणि बाजार, गोदामे, माणसे तिच्या मागे गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लाईन सुरू झाली. एका बाजूला मुंबई-मद्रास, दुसऱ्या बाजूला नगरवरून मनमाड, आणि १९१४ मध्ये बारामतीची छोटी गाडी. दौंड जंक्शन झाले. इंजिनांची शेड आली, रेल्वे कॉलनी आली, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबे आली. पुढे राज्य राखीव पोलीस दल आले. गावाची ओळखच जंक्शन अशी झाली.

हा इतिहास सहज मिळतो. दौंड-मनमाड लाईनचे मातीकाम कोणी केले, एवढे मात्र त्यात नसते. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ हा त्या लाईनच्या बांधकामाचा काळ. भुकेल्या माणसांना काम द्यायचे म्हणून या लाईनचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढले गेले. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुरी इतकी कमी केली की दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याएवढे पैसे हातात पडावेत. पुणे-नगर भागात हजारो मजूर ती मजुरी नाकारून कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याची नोंद घेतली, म्हणून आपल्याला ते कळते. दुष्काळात आधी कोण रस्त्यावर येतो हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. ज्याला जमीन नाही, बलुत्याच्या भाकरीवर ज्याचे पोट आहे, तो. गावात दाणा नसेल तर महाराची भाकर आधी बंद होते. दौंडहून काष्टी, बेलवंडीकडे गाडीने जाताना रुळाखालचा जो भराव दिसतो, त्यातली माती अशा डोक्यांवरून वाहिली गेली आहे.

तरी रेल्वे आपल्या माणसांना हवी होती. हे कारण नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण नुसती तक्रार करत बसू. महारवतन म्हणजे काय होते? गावची राखण, सांगावे, मेलेली जनावरे, सरकारी अंमलदाराचे ओझे, रात्री-अपरात्री हाक. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनाची जमीन आणि दारोदार मागायची भाकर. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी महारांची फौजेतली भरतीही बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, त्यात फौजेची आणि सरकारी नोकरीची दारे उघडा हीच मागणी होती. फौज बंद, गावात वतन, मग उरले काय? मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे. महिन्याच्या महिन्याला रोख पगार. हाक मारली की धावायचे ते गावच्या पाटलासाठी नाही, घंटेसाठी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा ते याच गुलामीवर बोट ठेवत होते. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. तोवर ज्याने पहार आणि फावडे उचलून रूळ गाठला, तो आपल्या हिमतीवर वतनातून सुटला.

माझे आजोबा असेच सुटलेले. रेल्वेत गँगमन होते. आई सांगते, पगाराच्या दिवशी ते रेल्वेचा कोट घालून स्टेशनवर उतरायचे, चहा प्यायचे, आणि गावच्या वाटेला लागले की कोट काढून खांद्यावर टाकायचे. कोट अंगात घालून शिवेत शिरलेला महार गावाला बघवत नसे. स्टेशनपासून गावापर्यंतच्या त्या चार कोसांत एक माणूस रोज कोट काढतो आणि घालतो. मला वाटते रेल्वेने जात मोडली का, या प्रश्नाचा अभ्यास त्या चार कोसांत करायला हवा, डब्यात नाही.

बाबासाहेबांनीच तो करून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण वाचतो, पण भावनेने वाचतो आणि पुढे जातो. १९०१ ची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते, तिथे दुष्काळग्रस्तांना काम म्हणून तलावाचे बांधकाम चालले होते. सुट्टीत लहानगा भीम, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले. नवे कपडे, टोप्या, पहिलाच रेल्वेप्रवास. गाडीत काही झाले नाही. खिडकीतून बघत मुले मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशीला आला, कारण मुले चांगल्या घरची दिसत होती. आम्ही महार आहोत, हे शब्द ऐकले मात्र आणि त्याचा चेहरा बदलला. नंतर त्यानेच थोडी खटपट केली हे बाबासाहेबांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण एकही बैलगाडीवाला तयार होईना. दुप्पट भाडे देतो म्हटले तरी नाही. शेवटी तोडगा निघाला : भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बरोबर चालत येईल.

पुढे जकातनाक्यावर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा मुलांनी मुसलमान असल्याचे सांगून पाहिले. उर्दू येत होती. तरी पाणी नाही. डबा भरलेला, पाणी नाही, रात्र उपाशी. याच काळात मोठ्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत असे, हे आजही लोक गमतीने सांगतात. त्या दोन घागरींत आपली घागर कोणती होती, हे गंमत सांगणाऱ्यांना सुचत नाही.

आता अठ्ठावीस वर्षे पुढे या. २३ ऑक्टोबर १९२९. स्थळ चाळीसगाव स्टेशन. उतरणारा माणूस आता कोलंबियाचा पीएच.डी., लंडनचा डी.एस्सी., बॅरिस्टर, मुंबई कायदेमंडळाचा सदस्य आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा सभासद. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनबाहेर टांगे उभे. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नाही. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे महारवाड्याला मान्य नाही. तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. वाटेतल्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि पुढचे दोन महिने ते घरी पडून होते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. मसूर आणि चाळीसगाव. तोडगा तोच आहे, शब्दाला शब्द. वाहन मिळेल, हाकणारा हात मिळणार नाही. मधल्या अठ्ठावीस वर्षांत रेल्वेचे जाळे वाढले, गाड्यांचा वेग वाढला, प्रवाशाने जगातल्या सगळ्या पदव्या घेतल्या. फाटकाबाहेरच्या व्यवहारात मात्र काडीचा फरक पडला नाही. कंपनीला प्रत्येक प्रवाशाचे पैसे हवे होते म्हणून तिने तिकीट विकताना जात विचारली नाही. यात समतेचा विचार नव्हता, धंद्याचा होता. तिकिटाची हद्द फलाटाला संपायची. पुढे टांगा, खानावळ, विहीर, मुक्काम. हे सगळे गावाच्या ताब्यात होते आणि गाव जातीच्या.

याला एक अपवाद आमच्या लाईनवरच आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केडगाव. पंडिता रमाबाईंनी स्टेशनजवळ जमीन घेतली आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना, विधवांना आगगाडीने तिथे आणले. मुक्ती मिशन त्यातून वाढले. रमाबाईंच्या धर्मांतरावर त्या काळच्या पुण्याने किती चिखलफेक केली हे माहीत आहे. माझा मुद्दा एवढाच की गाडी तीच होती, दुष्काळही तसाच. केडगावच्या फाटकाबाहेर त्या मुलींना घ्यायला कोणीतरी उभे होते. मसूरच्या फाटकाबाहेर नव्हते.

आता रेल्वेच्या आत या. मार्क्सची आशा प्रवाशांवर नव्हती, कामावर होती. आधुनिक उद्योगात काम जन्मावरून ठरणार नाही, म्हणून जात ढिली होईल. या आशेची तपासणी दौंडच्याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला झाली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी इथे सांगितले, ते आपल्याला तोंडपाठ आहे. भाषणाचा जो भाग आपण वाचत नाही तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे ते एका समाजशास्त्रज्ञासारखे एकेक खाते उघडून दाखवतात.

रेल्वेतला अस्पृश्य बहुतेक करून गँगमन असतो. ऊन-पावसात रुळावर, खडी आणि स्लीपरमध्ये जन्म काढतो, बढतीला वाव जवळपास नाही. पोर्टरची, म्हणजे स्टेशनवरच्या हमालाची साधी नोकरी तरी मिळावी? ती सहसा मिळत नाही. कारण पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करतो, मास्तर सवर्ण असतो, त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? कारकुनीला तेव्हा ठराविक परीक्षेची अट नव्हती. मॅट्रिक न झालेले सवर्ण आणि अँग्लो-इंडियन कारकून होत, अस्पृश्य मात्र नाही. वर्कशॉपमध्ये तो खलाशी, मेकॅनिक क्वचित, मिस्त्री-फोरमन नाहीच. पोर्टरचा मुद्दा पुन्हा वाचा. इंजिन विलायती, कंपनीचे नियम विलायती, पगारपत्रक इंग्रजीत. आणि भरती कोणाची होणार हे ठरत होते मास्तरच्या स्वयंपाकघरात. उद्योगाने श्रमविभागणी मोडायच्या आधी जातीनेच उद्योगाची विभागणी करून टाकली होती.

तुम्ही कामगारांत फूट पाडता, असा आरोप तेव्हाही झाला. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की फूट आधीपासून आहे. एक कामगार दुसऱ्याला बढती मिळू देत नाही, त्याच्या शेजारी काम करत नाही, हे बोलल्याने फूट पडत नाही, लपवल्याने टिकते. हे बोलणारा माणूस त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संप-विरोधी विधेयकाच्या विरोधात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. आजच्या युनियनच्या पोरांनी आणि आपल्याही पोरांनी या दोन तारखा एकत्र वाचाव्यात.

मनमाडची मागणी हवेत विरली नाही. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. जीआयपी रेल्वे १९२५ पासून सरकारकडे होती, तेव्हा हे तिलाही लागू. दौंड, मनमाड, भुसावळ, सोलापूर इथल्या रेल्वे कॉलन्यांतून पुढे जी शिकलेली पिढी निघाली तिची मुळे इथे आहेत. स्टेशनने आपल्याला काय दिले असे कोणी विचारले तर मी म्हणते, स्टेशनने नाही, त्या आदेशाने दिले.

आणि मग १९५६. इथे आपल्या घरांत एक गोष्ट घडली, ती आपण उघडपणे बोलत नाही. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या कायद्याच्या नजरेत आपण अनुसूचित जाती राहिलो नाही. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे, अशी अट होती, १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांना महाराष्ट्र राज्याने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण रेल्वे केंद्राची. बौद्ध म्हणून अर्ज केला तर राखीव जागा नाही. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, रेल्वेत जाणाऱ्या बौद्ध तरुणापुढे दोनच वाटा होत्या. घरात बुद्धाची तसबीर आणि कागदावर 'हिंदू महार', नाहीतर राखीव जागेवर पाणी. माझ्या मामांनी पहिली वाट धरली. कोणी त्यांना धम्मद्रोही म्हटले तर मला राग येतो. दर पौर्णिमेला विहारात बसणारा माणूस होता तो. खोटे त्याने नाही, कायद्याने त्याच्याकडून लिहून घेतले. जनगणनेत बौद्ध कमी का दिसतात यावर आपण भांडतो, तेव्हा या चौतीस वर्षांचे कागद कोणी मोजत नाही.

१९९० ला दार उघडले आणि लगेच पुढच्या वर्षी नवे आर्थिक धोरण आले. खासगीकरण, कंत्राट. स्टेशनची झाडलोट, डब्यांची सफाई, चादरी-पांघरुणे, पार्किंग ही कामे कंत्राटदारांकडे गेली. कंत्राटात रोस्टर नसतो. पूर्वी ज्या कामाला जात चिकटलेली होती त्याला निदान कायम नोकरी, पास, पेन्शन, क्वार्टर होती. आता जात तशीच राहिली, बाकीचे गेले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करणे बंद झाले, पण त्याच कायद्यात एक स्पष्टीकरण घातलेले आहे : साधने आणि संरक्षक वस्तू दिल्या असतील तर त्या माणसाला हाताने मैला उचलणारा समजले जाणार नाही. हातमोजा दिला की कायदा संपला. बायो-टॉयलेट बसल्यापासून रुळावरची घाण कमी झाली हे खरे आहे आणि चांगले आहे. झाडू कोणाच्या हातात आहे, ते मात्र पुढच्या वेळी फलाटावर उभे राहून बघा.

दुसरीकडे २०१९ ची ग्रुप डी भरती आठवा. १,०३,७६९ जागा, अर्ज एक कोटीहून जास्त. परीक्षा झाली २०२२ मध्ये. यात ट्रॅक मेंटेनरच्या जागा होत्या, म्हणजे आजोबांचीच पहार, नवे नाव. ज्या कामाला एकेकाळी फक्त आपणच चालत होतो त्याला आता पदवीधर रांगेत उभे आहेत, सगळ्या जातींचे. आणि आपल्या अभ्यासिकेतली पोरे तीच परीक्षा देत तिशी गाठत आहेत.

आमच्या कारेगावकडे याच गाड्यांनी माणसे येतात. मराठवाड्यातून रात्रीची गाडी, पहाटे दौंड, तिथून मिळेल त्या वाहनाने रांजणगाव एमआयडीसी. गेटवर ठेकेदार जात विचारत नाही. त्याला हात हवेत, कंपनीला प्रवासी हवे होते तसे. संध्याकाळी खोली शोधायला निघाले की प्रश्न सुरू होतात. गाव कोणते, आडनाव काय, जेवणात काय चालते. माझ्याकडे अशी मुले येतात. परवा एक जण म्हणाला, मी मित्राचे आडनाव सांगून खोली घेतली. मसूरच्या नाक्यावर मुसलमान म्हणून सांगणारी मुले मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसली. एकशेवीसपेक्षा जास्त वर्षे झाली त्याला.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर : डब्यात कोणी विचारत नाही हे खरे. पण डब्यात आपण दीड तास असतो.

आम्ही काही जणांनी दौंड, पाटस, केडगाव आणि शिरूर भागातल्या जुन्या रेल्वे कामगारांच्या घरचे कागद जमवायला घेतले आहेत. पगाराच्या स्लिपा, पास, बढतीचे अर्ज, जातीचे दाखले, आणि 'हिंदू महार' लिहिलेले ते फॉर्मसुद्धा. लाजू नका, तोच पुरावा आहे. मूळ कागद कोणाला देऊ नका, आम्हालाही नाही. मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढा, मागे कोणाचे आणि कोणत्या सालचे ते लिहा. कामाला होते त्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करा आणि रेकॉर्ड करा. पावसाळ्याआधी करा. आजोबांच्या पेटीतले निम्मे कागद पत्रा गळून गेले, कोट तेवढा राहिला आहे.